मनापासून चेष्टा

मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल आणि बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कलकत्त्यात जन्मलेल्या मराठी पोरांना हा फरक कोण शिकवणार? माझी लीना सात वर्षांची होती तेव्हा तिच्या आईनं, शकुननं विचारलं, "भाकरी थापायला शिकतेस का गं?" पोरगी अगदी भाबडेपणानं म्हणाली, "हो आई, मी रोज चेष्टा करीन." शकुननं परात तिच्याकडे सरकवली. म्हणाली, "कर बाई. तुझा बाप लग्नापासून तेच करतोय."

या शब्दानं पुढे सरकारदरबारी जाऊन काय घोळ घातला, ते सांगतो.

सत्तर सालचा हिवाळा होता. आम्ही खिदिरपूरला राहत होतो आणि मी एस्प्लनेडच्या एका मोटारमालकाची भाड्याची अँबॅसडर चालवत होतो. बंगालमध्ये राष्ट्रपती राजवट होती. मंत्री घरी बसले होते, तेव्हा दिल्लीला वाटलं की आता इथं काहीही करून बघता येईल. तिथल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की गाड्यांचा वर्षाचा ठरलेला कर बंद करावा आणि गाडी जितके मैल चालेल तितका कर घ्यावा. मीटरला शिशाचं सील ठोकायचं आणि दर महिन्याला शिपायानं येऊन आकडा बघायचा. सुरुवात खेड्यांतून करायची. शहरातून का नाही? शहरात तेव्हा लोक आधी बाँब टाकत आणि मग अर्ज करत.

खेड्यातल्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला दिल्लीनं एक साहेब पाठवले, मनोहर देवस्थळी. मूळचे पुण्याचे, अंगात दोन स्वेटर आणि गळ्यात मफलर. त्यांच्यासाठी माझी गाडी ठरली. मी मराठी आहे हे कळल्यावर ते एवढे खूश झाले की मागची सीट सोडून माझ्या शेजारी येऊन बसले.

"दत्ताराव, मला दुभाषा देत होते," ते म्हणाले. "मी नको म्हटलं. बंगाली म्हणजे काय हो, संस्कृतच की! फक्त तोंड गोल करून बोलायची."

"तरी साहेब, एखादा माणूस असावा बरोबर."

"छे! जल म्हणजे पाणी, भात म्हणजे भात. चार दिवसांत माझं कुठं अडलं नाही."

"जेवणात अडतच नाही, साहेब."

ते मोठ्यानं हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं, एवढंच त्यांना कळत होतं.

सुनावणी ठेवली होती मागुरखालीला. बारुईपूर सोडून दक्षिणेला गेलं की पेरूच्या बागा संपतात आणि खाड्या लागतात, त्यांतल्या एका खाडीवर हे गाव. आणि इथंच माझी पंचाईत होती, कारण मागुरखालीत माझी मेहुणी राहायची. सरोज, शकुनची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती नर्सचं शिकली आणि त्या गावात सुईण म्हणून राहिली. लढाईतून उरलेली एक अमेरिकन जीप तिनं लिलावातून उचलली होती. ती स्वतः चालवायची. त्या मुलखात बाई जीप चालवते हे बघायला सुरुवातीला लोक बांधावर उभे राहत. नंतर त्यांच्याच बायका त्या जीपमध्ये कण्हत पडलेल्या असत, त्यामुळे बघणं थांबलं.

गाव खाडीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर. भरती असली तर होडी जाते. ओहोटीला कमरेपर्यंत चिखल, त्यात धडधाकट माणूस रुततो, तिथं कळा सुरू झालेली बाई काय जाणार? मग जीपनं वळसा घालायचा, बारा मैलांचा. खाडीत पुलाचे दोन खांब दहा वर्षांपासून उभे होते. त्यांच्यावर बगळे बसत.

आम्ही पोचलो तेव्हा सरोज शाळेबाहेर जीपच्या बॉनेटला टेकून उभी होती.

"दाजी, हाच का तुमचा साहेब?"

"माझा नाही, दिल्लीचा. मी फक्त वाहून आणलाय."

"मग परत कुठं टाकून द्यायचा ते बघा. मैलावर कर बसला तर माझी जीप महिनाभरात उभी राहील. लोक मला बाळंतपणाचे भोपळे देतात. सरकार मैलामागे भोपळा घेईल का?"

"सरकार भोपळा देतं फक्त."

"चेष्टा नका करू." ती हसली नाही. "पलीकडच्या काठावर पौषात चार बायका बाळंत व्हायच्यात. त्यांच्या पोटातल्या पोरांना काय सांगू? थांबा रे, या महिन्याचे मैल संपले, पुढच्या महिन्यात या?"

मी टायरला लाथ मारून हवा बघितल्यासारखं केलं.

शाळेत सगळं गाव जमलं होतं. साहेबांना खुर्ची, टेबल आणि खजुराच्या रसाचा पेला मिळाला. त्यांच्या शेजारी रस्ते आणि पूल बघणारे इंजिनियरबाबू बसले होते. गोल चेहऱ्याचे, शालीत गुंडाळलेले, झोपेतून नुकते उठल्यासारखे. साहेबांनी हिंदीत समजावलं की जो रस्ता जास्त झिजवतो त्यानं जास्त पैसे द्यावेत, यात न्याय आहे.

मासळीची लॉरी चालवणारा श्यामसुंदर मंडल उठला. त्याला हिंदी चांगली येत होती, कारण त्याचं निम्मं आयुष्य शहराच्या नाक्यावर पोलिसांशी बोलण्यात गेलं होतं. "हुजूर, आम्ही रस्ता झिजवत नाही. रस्ता आम्हाला झिजवतो. माझी लॉरी बघा, माझी कंबर बघा. भरपाई कोण कुणाला देणार ते आधी ठरवा."

हशा पिकला. एक म्हातारा ओरडला, "आधी रस्ता दाखवा, मग झिजवतो!" साहेबांनी घाम पुसला आणि एक स्वेटर काढला.

मग सरोज उभी राहिली आणि सरळ मराठीत बोलली. त्या खाडीकाठी मराठी ऐकून साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.

"साहेब, समोर दिसतोय तो काठ. तिथं जायला मला बारा मैल पडतात, कारण तुमचा पूल नाही. पूल तुम्ही बांधायचा नाही, वळसा आम्ही घालायचा, आणि वळशाचा कर पण आम्हीच भरायचा? हे कुठल्या गणितात बसतं?"

साहेब विचारात पडले. म्हणाले, "ताई, तुमचं खरं आहे. पण मला नियमात लिहावं लागतं. पूल होणार असेल तर तुमचा वळसा तात्पुरता ठरतो, आणि तात्पुरत्या अडचणीसाठी सूट मागता येत नाही. पूल होणारच नसेल तर गोष्ट वेगळी. मग मी लिहीन की ही योजना अशा गावांना लावूच नये." ते इंजिनियरबाबूंकडे वळले. आता त्यांना आपली बंगाली दाखवायची होती. "पूल? कोबे?" म्हणजे, कधी?

सरोजचा चेहरा पडला. माझाही पडला असेल. इंजिनियरबाबू काय सांगणार ते गावातल्या शेळ्यांनाही पाठ होतं.

बाबू उठले, शाल सावरली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमरा आंतोरिक चेष्टा कोरछि."

म्हणजे, आम्ही मनापासून प्रयत्न करतो आहोत.

साहेबांच्या हातातला पेला टेबलावर आपटला. "काय? आंतरिक चेष्टा?" ते माझ्याकडे वळले. "दत्ताराव! चेष्टा म्हणाले ना हे? मी बरोबर ऐकलं?"

मी सरोजकडे बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

"हो साहेब," मी म्हणालो. "चेष्टाच म्हणाले."

यात खोटं काय होतं?

साहेब लालबुंद झाले, तरी चौकशी नीट केली पाहिजे म्हणून त्यांनी बाबूंना पुन्हा विचारलं, "आपनि चेष्टा कोरछेन? सत्य?"

बाबूंना वाटलं, दिल्लीच्या साहेबाला आपली तळमळ पोचली. त्यांचा चेहरा उजळला. "सत्य! दिवारात्रि चेष्टा!"

"किती दिवसांपासून? मतलब... कोतो दिन?"

"दोश बोछोर!" बाबूंनी दोन्ही हातांची बोटं वर केली.

"आणि वरचे लोक? त्यांना माहीत आहे हे?" साहेबांनी छताकडे बोट दाखवलं.

"ओपोरेर सबाई!" बाबू भरून आल्यासारखे म्हणाले. वरचे सगळेच. "सबाई चेष्टा कोरछेन!"

गावकऱ्यांना काही कळेना की साहेब प्रयत्नाला एवढे का चिडले. श्यामसुंदर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी या शब्दावर रागावलं. माणूस चांगला दिसतो."

परतीच्या वाटेवर साहेब बारुईपूरपर्यंत मफलर सोडत आणि गुंडाळत होते. मग म्हणाले, "निर्लज्जपणाची कमाल आहे. छातीवर हात ठेवून सांगतो!"

"इथं तशी पद्धतच आहे, साहेब," मी म्हणालो आणि समोरच्या बैलगाडीला हॉर्न दिला.

त्यांचा अहवाल इंग्रजीत होता आणि मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. पण ऑफिसातल्या लोकांकडून ऐकलं की त्यात लिहिलंय, खात्यानं दहा वर्षं या लोकांची जाणूनबुजून टिंगल केली असून तशी उघड कबुली दिली आहे, पूल होण्याची आशा नाही, आणि अशा परिस्थितीत या भागावर मैलाचा कर लादला तर जे होईल त्याला आपण जबाबदार नाही. दिल्ली घाबरली. खेड्यांपुरती योजना बाजूला ठेवली गेली. इंजिनियरबाबूंची बदली दार्जिलिंगला झाली. कलकत्त्याच्या उकाड्यात राहणाऱ्या माणसाला ही शिक्षा कशी वाटावी, ते बदली करणाऱ्यालाच ठाऊक.

सरोजनं आनंदानं आम्हाला एक भोपळा पाठवला.

संक्रांतीला साहेब एकटेच आहेत म्हणून शकुननं त्यांना जेवायला बोलावलं. तिळगूळ झाला, जेवण झालं. साहेब लीनाला म्हणाले, "बाळ, मला एखादं मराठी गाणं म्हणून दाखव."

लीना फ्रॉकचं टोक चावत म्हणाली, "मला सगळं येत नाही काका. पण मी चेष्टा करते."

"अगं, काकांची चेष्टा करू नये," साहेब हसत म्हणाले.

"चेष्टा नाही केली तर येणार कसं?" लीनानं विचारलं. "बाई शाळेत म्हणतात, चेष्टा करो, चेष्टा करो."

साहेबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र हळूहळू माझ्याकडे वळले. शकुन चटकन भांडी उचलून आत गेली. मलाही आत जायचं होतं, पण साहेबांना एस्प्लनेडला सोडायचं मलाच होतं.

गाडीत ते मागच्या सीटवर बसले. खिदिरपूरचा पूल ओलांडल्यावर म्हणाले,

"तुम्हाला माहीत होतं."

"हो साहेब."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"चेष्टा म्हणाले का, एवढंच विचारलंत. म्हणाले होते."

"दत्ताराव, माझ्या सहीचा अहवाल आहे तो! अर्थ पार उलटा झालाय. दुरुस्ती पाठवावी लागेल मला. दुरुस्ती गेली की त्या बाईंच्या जीपला सील लागेल, हे कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणूनच गप्प बसलो, साहेब." मी आरशात बघितलं. "एक विचारू? दहा वर्षांत दोन खांब, आणि त्यावर बगळे. याला तुमच्या पुण्यात प्रयत्न म्हणतात का?"

मैदानाशेजारून ट्रॅम घंटा वाजवत गेली. मला वाटलं, आता आपली गाडी बदलणार आणि मालक दुसरा ड्रायव्हर देणार.

एस्प्लनेडला ते उतरले. दार धरून जरा वेळ उभे राहिले, मफलर नीट केला, आणि वाकून खिडकीतून म्हणाले, "दुरुस्ती पाठवायची मी चेष्टा करीन. अगदी मनापासून."

दार लावून ते चालायला लागले. ते कुठल्या भाषेत बोलले, हे मी विचारलं नाही. सरोजच्या जीपला सील लावायला कुणी आलं नाही, त्यावरून काय समजायचं ते समजलो.