कर्ता ओळखा

माधव सरांना दारू सोडायची होती, पण ओळखीतल्या कोणाच्या देखत नाही. प्यायले मात्र ते सगळ्यांच्या देखत होते. हे त्यांना सांगणार कोण? बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला कोणी काही सांगायला गेलं, की तो आधी त्याचं शुद्धलेखन सुधारतो.

कसबा पेठेत घरापासून दोन गल्ल्यांवर मद्यमुक्ती गटाची बैठक भरायची. चालत चार मिनिटं. पण तिथे निम्मे तरी माजी विद्यार्थी निघणार आणि अब्रूचं खोबरं होणार, म्हणून सरांनी मोबाइलवर शोधून थेट वाघोली गाठली. दोन बस, दीड तास. पेठांबाहेर पुणे नाहीच असं जन्मभर सांगणारा हा गृहस्थ दर रविवारी वाघोलीला निघाला, यावरून काय ते समजा.

पहिल्या दिवशी पत्ता सापडेना. सरांनी एका किराणा दुकानात अदबीनं विचारलं, "इथे जवळपास साहित्यिक मंडळ भरतं का हो?"

दुकानदारानं तोंडाकडे एकदा पाहिलं. "दारू सोडायचीय न्हवं? ह्या जिन्यानं वर. चपला खाली काढा."

सर मुकाट्यानं वर गेले. जावंच लागणार होतं. जूनमध्ये एका दुपारी त्यांनी पाच वर्षांच्या नातीला, स्पृहाला, खराडीत मुलीच्या सोसायटीच्या दारात शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं होतं. बसला दहा मिनिटं अवकाश आहे म्हणून ते समोरच्या परमिट रूममध्ये टेकले. पोर दीड तास वॉचमनच्या केबिनमध्ये उभी होती. त्यानंतर त्यांची मुलगी वल्लरी एवढंच म्हणाली, "बाबा, बैठकीला जा. त्या दिवशीचं चार माणसांत खरं सांगा. तोवर स्पृहा तुमच्याबरोबर एकटी राहणार नाही."

सर बैठकीला गेले, आणि गेल्या गेल्या त्यांना फळ्यावर चूक सापडली. 'व्यसनमूक्त'. झालं. बोलायची पाळी आली तेव्हा सर ऱ्हस्व उकारावर दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या रविवारी 'मद्यपी' या शब्दावर बोलले. मद्यपी म्हणजे जो पितो तो. आपण गेले सोळा दिवस पीत नाही, सबब हा शब्द आपल्याला लागू नाही. गट चालवणारा पोपट सेंट्रिंगचं काम करायचा, त्यानं हे सगळं मान डोलावून ऐकून घेतलं.

घरी आल्यावर हेमाताई, त्यांची बायको, एकच शब्द विचारायच्या. "बोललात?"

"बोललो की."

"त्या दिवसाबद्दल?"

यावर सर चहा गाळायला स्वयंपाकघरात जायचे. खोटं ते बोलत नसत, हा एक मोठाच गुण.

तिसऱ्या रविवारी खराडीतला संगणकवाला केयूर उठला आणि खाली बघत म्हणाला, "सॉरी, पण वीकेंडला पुन्हा ड्रिंक झालं."

सरांनी त्याला मध्येच अडवलं. "झालं म्हणजे? पाऊस झाला, तसं? या वाक्यात कर्ता कोण? क्रिया करतो तो कर्ता. 'कोणी?' असं वाक्याला विचारायचं, की सापडतो."

केयूरनं मान वर केली. "मी. मी प्यायलो."

"शाब्बास," सर म्हणाले. त्या दिवशी ते बसमध्ये फार खुशीत होते.

चौथ्या रविवारी सकाळी वल्लरीचा फोन आला. उद्यापासून ती स्पृहासाठी पाळणाघर लावणार होती. म्हणजे आजोबांचं कामच संपलं. वाघोलीला पोचल्यावर ते आपणहून उठले.

"जूनमध्ये एका दुपारी थोडं घेणं झालं," ते म्हणाले. "त्यात वेळेचं भान राहिलं नाही. नातीला आणायला उशीर झाला. विसर पडला, असंही म्हणता येईल."

पोपटनं नेहमीसारखी मान डोलावली. "वाक्यं लई झकास हायत, सर. पर करता कुठाय?"

पोपटनं बोटं मोजली.

"घेनं झालं, उशीर झाला, विसर पडला. तुमीच शिकिवलंत ना, कुनी असं इचारायचं? मंग कुनी?"

असल्या प्रयोगाला व्याकरणात काय म्हणतात ते सांगायला सरांनी तोंड उघडलं. आणि त्यांना नेमकं दुसरंच आठवलं. भूतकाळात बहुतेक क्रियापदं कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातात: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. पण काही मोजकी कर्त्याला सोडतच नाहीत. अपवादांची ती यादी त्यांनी बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती. पिणे तिच्यात होतं. विसरणेही होतं.

"मी प्यायलो," सर म्हणाले. "मी तिला विसरलो."

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. केयूरनं खुर्ची जराशी सरकवून त्यांना बसायला जागा केली.

घरी हेमाताईंनी विचारलं, "बोललात?"

"दोन वाक्यं."

त्यांनी ती ऐकली आणि वल्लरीला फोन लावून सरांच्या हातात दिला. "मला कशाला? तिला सांगा."

सरांनी सांगितलं. वल्लरी म्हणाली, "मंगळवारी साडेतीनला बस येते. आईला बरोबर आणा. पाळणाघराचं नंतर बघू."

तेवढ्यात पलीकडे स्पृहानं फोन ओढून घेतला. "आजोबा, तेव्हा वॉचमनकाका म्हणत होते, आजोबांना उशीर झाला. मी त्यांना सांगितलं, नाही काही, आजोबा विसरले."

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले.