नऊ नंबरच्या खाटेचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नाही आणि खिडकीचाही नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटच्या खाटेभोवती उभा करतात, तो. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांत ताणून बसवलेलं हिरवं कापड आणि खाली सहा चाकं, एवढाच माझा संसार. सध्या मी स्टोअर रूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभा आहे. दाराला बाहेरून कडी आहे. माझा गुन्हा काय ते तुम्हीच ठरवा, मित्रांनो, पण आधी नीट ऐकून घ्या.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या, रंगाऱ्याने पांढरा रंग मारला आणि तो वाळायच्या आतच मला टेम्पोत चढवलं. त्यामुळे एका पायावर टेम्पोवाल्याच्या बोटांचे ठसे अजून आहेत. मी बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात आलो. तिथल्या मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स, बोलायला तिखट होत्या. शेजारच्या नर्सिंग कॉलेजच्या नव्या मुली शिकायला आल्या की त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "पाणी गार झालं तर पुन्हा तापवता येतं. आधी पडदा लावा. तुमच्या आईचं अंग पुसायचं असतं तर काय केलं असतं, तेवढंच डोक्यात ठेवा."

पुष्कळ वर्षं मी इमानाने काम केलं. सकाळभर नवऱ्यासमोर हसून बोलणारी बाई माझ्या आड आली की तोंडात पदर कोंबून रडायची. टाके बघायला घाबरणारी मुलगी माझ्या आड पहिल्यांदा खाली बघायची. मी काही पाहिलं नाही आणि कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या धंद्यात तेवढीच अक्कल लागते.

मग मुलींच्या खिशात फोन आला. फोनला मी शिव्या देणार नाही. त्याच फोनवर मुली औषधांची माहिती शोधायच्या, वर्गात न समजलेला धडा पुन्हा बघायच्या, दूरच्या हॉस्पिटलातल्या अनुभवी नर्सला शंका विचारायच्या. ते सगळं चांगलंच होतं. घोळ झाला तो टाळ्यांमुळे. हात नीट धुतले म्हणून वॉर्डात कुणी टाळ्या वाजवत नाही. फोनवर वाजवतात.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. चालायची भराभर, म्हणून सगळ्या तिला तुरतुरी म्हणायच्या. हात इतका हलका, की सुई गेलेली पेशंटला नंतर कळायची. मोठ्या सिस्टर सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत, पण तिच्याकडे बघून मान हलवायच्या. या तुरतुरीला फोनवर बारा हजार माणसं बघत होती. "आजचा माझा दिवस" म्हणून ती रोज छोटे व्हिडिओ टाकायची. कॉलेजला त्याचा भारी अभिमान. प्रवेशाचे दिवस आले की कॉलेज तेच व्हिडिओ स्वतःच्या पेजवर लावायचं. शिकवणाऱ्या मॅडम भर वर्गात म्हणायच्या, "हिच्यासारखं चमकायला शिका जरा." कशाने चमकायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत नऊ नंबरच्या खाटेवर एक बाई आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. वॉर्डाने तिचं नाव शिवणताई ठेवलं. तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावली होती. ती पिशवी आता कायमची. दुकानात तिने सांगितलं होतं, बहिणीकडे चाललेय, महिन्याने येते. पिशवीचं कुणाला कळू नये आणि आपल्या मशीनवर परत बसता यावं, एवढंच तिला हवं होतं.

माझं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं होतं. शिवणताईला ते बघवेना. "अगं, ह्यातून अख्खा वॉर्ड दिसतोय मला, म्हणजे वॉर्डाला मी दिसत असणारच," असं म्हणून तिने पर्समधून सुई-दोरा काढला आणि निळ्या चौकड्यांच्या गणवेशाचा तुकडा मला लावला. टाके असे सारखे, की जणू छापलेत. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मी त्या ठिगळावर भाळलो. आता वाटतं, फाटकाच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी तुरतुरीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पिशवी बदलली. मला ओढून घेतलं, हात धुतले, हातमोजे चढवले आणि फोन ट्रॉलीवर टेकवला.

"हे कशाला गं?" शिवणताईने विचारलं.

"शिकण्यासाठी घेते, ताई. तुमचा चेहरा अजिबात येणार नाही."

शिवणताई गप्प राहिली. पोट उघडं टाकून पडलेलं माणूस, ज्याच्या हातात आपली पिशवी आहे त्याला नाही कसं म्हणणार? त्या गप्प राहण्याला तुरतुरीने होकार समजून टाकलं.

चेहरा खरंच आला नाही. नाव आलं नाही, खाटेचा नंबरही आला नाही. तिने तीनदा तपासलं. हात आले, पोट आलं, पिशवी आली आणि मागे मी आलो, ठिगळासकट. ते तिने तपासलं नाही. पडद्याकडे कोण बघतं? तिने तो व्हिडिओ टाकला आणि कॉलेजने संध्याकाळच्या आत तो स्वतःच्या पेजवर लावला.

तिसऱ्या दिवशी शिवणताईचा फोन वाजला. दुकानात काज-बटणं करणारी तिची मैत्रीण बोलत होती. आवाज असा खणखणीत, की मलाही ऐकू आला.

"काय गं, बहिणीकडे आहेस ना? मग आपल्या शाळेचं कापड त्या व्हिडिओतल्या पडद्याला कसं? तुझा टाका मी ओळखणार नाही होय? सगळ्यांनी बघितलं. अगं, सांगायचंस तरी. मालक विचारत होते, त्या पिशवीचा वास वगैरे येतो का म्हणून. तुझी खिडकीजवळची मशीन सध्या नव्या मुलीला दिलीय. तू आराम कर, काय?"

शिवणताईने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या जन्माचं काम झाकायचं. तिला उघडं पाडलं ते मीच, तिनेच लावलेल्या ठिगळाने. मला तिथून पळून जायचं होतं. पण माझी चाकं दुसऱ्याने ढकलल्याशिवाय फिरत नाहीत.

दोन दिवस तिने कुणाला पोटाला हात लावू दिला नाही. पिशवीतून पाझरून कातडी लाल झाली, सोलवटली. मग कॉलेजच्या प्राचार्या आल्या, मागे मॅडम आणि त्यांच्या मागे तुरतुरी.

"व्हिडिओ काढून टाकलाय," प्राचार्या म्हणाल्या. "आणि तसं पाहिलं तर त्यात तुमचा चेहरा कुठे होता?"

"चेहरा झाकला म्हणजे माणूस झाकलं का?" शिवणताई भिंतीकडेच बघत म्हणाली. "कोणी काढला तो?"

"मुलींपैकी कुणीतरी असेल. आमची चौकशी चालू आहे."

तुरतुरीला दारातच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही म्हणून. ती पुढे आली. "मी काढला, ताई. शिकण्यासाठी म्हणाले, ते खोटं होतं. टाकायलाच काढला होता."

मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं, जणू भांडं तिनेच फोडलं आणि वर आवाजही केला. वर्गात चमकायला सांगणाऱ्या ह्याच बाई.

प्राचार्या आणि मॅडम निघून गेल्या. मोठ्या सिस्टरनी पिशव्यांचा डबा खाटेवर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्या बाईला घरी जायचंय. कुणीतरी शिकवायला हवंच."

"हिचा हात नको मला," शिवणताई म्हणाली.

"नाही लावत," तुरतुरी म्हणाली. "तुमची तुम्हीच बदला. मी पडद्याबाहेर पाठ करून उभी राहते, नुसतं सांगते."

आणि ती उभी राहिली. तिची पाठ माझ्या कापडाला लागली होती. "आधी कोमट पाण्याने पुसा. घासू नका. कोरडं करा. आता चिकटपट्टीला मापाचं गोल भोक कापायचंय. मोठं झालं तर कातडी जळते, लहान झालं तर..."

"गोल कापायला तू शिकवणार मला?" आतून आवाज आला. "पंचवीस वर्षं गळे कापतेय मी. कपड्यांचे."

बाहेर मोठ्या सिस्टरना हसू आवरेना. कात्री दोनदा कचकन वाजली. भोक असं नेमकं कापलं होतं, की मोठ्या सिस्टर ते बघून म्हणाल्या, "माझ्याच्यानेही इतकं जमलं नसतं."

घरी जायच्या दिवशी शिवणताईने तुरतुरीला बोलावलं. "मी परवा दुकानात जाणार. मालकांना सांगणार, मशीन माझी आहे, नवीला दुसरी बघा. पिशवीचंही माझ्या तोंडाने सांगणार. पण ऐक. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे माझं होतं. ते तू वाटून मोकळी झालीस. माफ केलं असं मी म्हणणार नाही. हात चांगला आहे तुझा, तेवढं म्हणते."

तुरतुरीने पिशव्यांचा डबा तिच्या सामानात नीट ठेवला.

खरं बोलली म्हणून तिला कॉलेजने सहा महिने घरी बसवलं. व्हिडिओ कॉलेजच्या पेजवर लावणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. आणि ठिगळ ओळखीचं झालं, पुन्हा कुणी बोट दाखवायला नको, म्हणून प्राचार्यांनी ते उसवायला सांगितलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी उसवणार नाही. कुणाच्या तरी हाताचं काम आहे ते." तेव्हा मलाच इथे आणून कोंडलं. चाक मोडलेली एक खुर्ची, दोन गंजकी स्टँड आणि मी. ठिगळ भिंतीकडे.

तुम्ही नर्स व्हा, डॉक्टर व्हा किंवा नुसते फोन हातात असलेले कुणीही व्हा. आजारी माणूस तुमच्यासमोर उघडं पडतं, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. ते तुम्हाला दिसलं म्हणून तुमचं होत नाही. टाळ्या दुसरीकडे कमवा. आणि वरचे लोक टाळ्या वाजवत असतील तर आधी त्यांना विचारा, उद्या निस्तरायला तुम्ही उभे राहणार का?

माझ्या जागी नवा पडदा आलेला नाही. रोज सकाळी भिंतीपलीकडच्या वॉर्डातून अंग पुसायच्या पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज येतो. मग कुणीतरी म्हातारी बाई बारीक आवाजात म्हणते, "अहो, निदान दार तरी लोटा." मी दहा पावलांवर आहे. माझी सहाही चाकं धड आहेत. मित्रांनो, कडी बाहेरून आहे. कुणीतरी या.