वाघरीतले मासे

कासुर्डीच्या रखमाजीला आता पटाशीचाही कंटाळा आला होता. मनगट ठणकायचं, डोळ्यांना धुरकट दिसायचं, आणि दुपारी जरा टेकलं की उठवत नसे. संपतच्या हॉटेलची फळी तेवढी उरकायची आणि हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. जन्मभर चालून झालं, मग कोरून झालं, आता नुसतं बसायचं. पण नुसतं बसायचं कसं, हे धनगराला कुणी शिकवलेलं नसतं.

फळी माणसाएवढी लांब, कडुनिंबाची. यवतच्या अलीकडे हायवेला संपतचं मासळीच्या जेवणाचं नवं हॉटेल उभं राहत होतं. गिऱ्हाईक आत शिरलं की समोर समुद्र दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि समुद्र कोरणारा माणूस या पट्ट्यात एकच. उसाच्या रानात बसून म्हातारा सुरमई करतो म्हणून लोक हसायचे. हसेनात का! रखमाजीचा बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, आणि त्याच्यामागं रखमाजीही वर्षानुवर्षं उतरला होता. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात कोकणातला शेतकरी भात द्यायचा. पलीकडे किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांतून जिती मासळी ओतली जायची. ती बघत रखमाजी उभाच राहायचा, आणि बाप हाका मारून मारून थकायचा.

मेंढरं मात्र त्यानं कधीच कोरली नाहीत. कुणी खंडोबापुढं ठेवायला लाकडाचा मेंढा मागितला, तर म्हणायचा, "जल्मभर तीच बघितली. आता लाकडात बी तीच बघू व्हय?"

संपत आणि त्याची सून मोनिका फळी बघायला आली, तेव्हा तो शेडमध्ये कानशीनं कडा घासत होता. हॉटेलच्या सजावटीचं सगळं मोनिकाकडे होतं. पोरगी गुणाची. तिनं आधी फळीवरून हात फिरवला, खवल्यांचं मनापासून कौतुक केलं, आणि मग अडखळत म्हणाली, "आबा, राग मानू नका. पण मासे असे नसतात ना."

"कसं नसत्यात?"

तिनं मोबाइल पुढं केला. निळ्या पाण्यात माशांचा थवा चालला होता. सगळ्यांची तोंडं एकीकडे, दोघांत मोकळं अंतर, वळले तर सगळे एकदम वळायचे. रखमाजीनं ते बघितलं आणि मग आपल्या फळीकडे बघितलं. त्याचे मासे एकमेकांना खेटून, दाटीवाटीनं एका ठिकाणी उभे होते. प्रत्येकानं आपलं डोकं शेजारच्याच्या पोटाखाली खुपसलं होतं. मागच्या अंगाला एक मुशी, म्हणजे छोटा शार्क, तोंड परांवर टेकून, राखणीला बसल्यासारखी. आणि भोवतीनं जाळं.

"आन् आबा," संपत हसत म्हणाला, "समिंदरात खुट्या कोन ठोकतंय?"

जाळं खुट्यांवर ताणलेलं होतं. चारी बाजूंनी, नीट, कोपरे साधून. रखमाजीला खरंच काही उमगेना. हाताला वाटलं तसं त्यानं कोरलं होतं. संपतच्या घरची मेंढरं त्याच्या आज्याच्या काळातच गेलेली, त्यालाही त्यात काही ओळखीचं दिसलं नाही. त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण रखमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आयुष्य समुद्राचा माणूस म्हणून मिरवलं, आणि साधा मासा पाण्यात कसा असतो ते ठाऊक नाही!

"डोकी मोकळी करा, खुट्या तासून टाका, बास," संपत म्हणाला. "सोमवारी टेम्पो पाठवतो."

"करतो," रखमाजी म्हणाला. वाद घालायलाही अंगात बळ लागतं.

ती दोघं गेल्यावर त्यानं पटाशी उचलली आणि कडेच्या माशाच्या मानेवर टेकवली. इथं काप घेतला की डोकं सुटं होईल, पण मग शेजारच्याचं पोट जाईल. जाईना का! त्यानं हातोडी उचलली.

"कसल्या खुट्या म्हनत हुता संपत?"

दारात त्याची बायको वच्छलाबाई उभी होती. ही शेड जुन्या मेंढवाड्याच्या जागेवर होती, आणि मेंढरं गेल्यापासून तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं. चहा झाला तरी अंगणातूनच हाक मारायची. आज ती आत आली. फळीसमोर उकिडवी बसली आणि खुट्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "वाघर लावलीया."

वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरं कोंडायची जाळी. घोड्यावरून ती उतरवून खुट्यांवर ताणायचं काम आयुष्यभर वच्छलाबाईनंच केलं होतं.

"जाळं हाय त्ये. कोळ्याचं."

ती ऐकत नव्हती. तिचा हात एका माशावर थांबला. "ही बांडी. उन्हाचं हिचं डोस्कं कायम काळतोंडीच्या पोटाखाली." हात पुढं सरकला. "ही लंगडी. ही म्होरकी, कुनाला म्होरं जाऊ द्यायची न्हाई." मग मुशीच्या नाकाडावर तिनं तळवा ठेवला. "आन् ह्यो आपला वाघ्या."

वाघ्या म्हणजे त्यांच्या मेंढरांच्या राखणीचा कुत्रा. ती चुकत नव्हती. एकेक नाव येत गेलं तसा त्यालाही एकेक मासा ओळखू येत गेला.

थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला वच्छलाबाई दौंडला गेली होती, तेव्हा त्यानं मेंढरांचं सगळं खांड व्यापाऱ्याला विकलं होतं. चराईची रानं उसाखाली गेली होती, पोरं कंपनीत लागली होती, मेंढरांमागं चालायला कुणी उरलं नव्हतं. कारणं खरीच होती. ती परत आली, रिकाम्या वाड्यासमोर उभी राहिली, वाघर गुंडाळून ठेवली आणि भाकरी थापायला बसली. एका शब्दानं काही म्हणाली नाही. बाईनं समजून घेतलं, असं वाटून तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं होतं. पुरुषाची अक्कल ती केवढी!

"संपत कवा न्यायला येतोय?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"मला इचारलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. रडतही नव्हती. फळीकडे बघूनच बोलत होती. वर्षानुवर्षांचा शीण त्या दोन शब्दांत उतरला होता, आणि तो आपल्या शिणापेक्षा मोठा आहे, हे रखमाजीला पहिल्यांदा कळलं. त्यानं पटाशी आणि हातोडी भुईवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसला. गुडघे वाजले.

"आता इचारतो," तो म्हणाला. "देऊ का?"

"न्हाई," वच्छलाबाई म्हणाली.

क्षणाचाही विचार तिनं केला नाही. मेंढरं विकली तेव्हा विचारलं असतं, तरी केला नसता. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं विचारलं नव्हतं.