नऊ प्रश्न

जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टर मीरगुलने फाइलमधून मुकाशचा कागद काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. नऊ प्रश्न आणि नऊ खुणा, सगळ्या 'अजिबात नाही'च्या रकान्यात.

"तारीख बावीस सप्टेंबर. म्हणजे तीन आठवडे आधी," ती म्हणाली.

नुरीपा टेबलावरचे इंजेक्शनचे डबे उगाचच नीट लावत राहिली. गावातलं हे दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र ती नर्स म्हणून चौदा वर्षं एकटीच चालवत होती. उदास वाटतं का, झोप लागते का, आणि सगळ्यांत शेवटी, जगणं नकोसं वाटतं का, हे प्रत्येक रुग्णाला विचारून लिहून घ्यायचं, असा हुकूम जिल्ह्याहून यंदाच आला होता. महिनाअखेर शंभर कागद भरून हवे होते.

त्या दिवशी मेंढ्या घेऊन डोंगरावरून उतरलेली माणसं दारापर्यंत खोळंबली होती. मुकाशचा रक्तदाब बघून झाला, तरी तो टोपी हातात घेऊन दाराशी रेंगाळला.

"अजून काही असतं का गं?"

"नाही बायके, झालं. पुढचे, या." गावातल्या थोरल्या पुरुषांना ती अशीच 'बायके', म्हणजे दादा, म्हणायची.

संध्याकाळी तिने चहा पिता पिता एकतीस कागद भरले. त्यातच हाही होता.

परवा मुकाशने जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारीण दूध द्यायला लवकर आली, म्हणून तो वाचला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एजे," मीरगुल म्हणाली. ती वयाने बरीच लहान होती, म्हणून नुरीपाला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायची. "शुद्धीवर आल्यावर मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, पोरीनं नऊच्या नऊ प्रश्न विचारले, मीच खोटं बोललो. माणसानं लपवायचंच ठरवलं तर आपण काय करणार?"

नुरीपाने तोंड उघडलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, आणि मीरगुल कागद फाइलमध्ये ठेवून निघून गेली. सांगायला दारापर्यंतचा वेळ होता. नुरीपा जागची हलली नाही.

मुकाश इस्पितळातून घरी आला त्या दुपारी ती त्याच्याकडे गेली. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. त्याची मुलगी मॉस्कोहून निघाली होती, पण अजून वाटेत होती. तोवर सोबतीला शेजारीण बसली होती. ती नुरीपाला बघून गाईचं बघायला उठली.

"बस. चहा घे," मुकाश म्हणाला. आवाज खोल गेला होता.

"डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

"तुला काढून टाकलं असतं. मग गावाचे रक्तदाब कोण बघणार? माझी शेळी?"

ती हसली नाही. "मी विचारलं नव्हतं, बायके. एकही नाही. घाई होती, म्हणून माझी मीच भरून टाकले."

"माहीत आहे मला. मी तिथंच होतो की."

"तुम्ही दाराशी थांबला होतात."

"टोपी सापडत नव्हती."

"टोपी हातात होती तुमच्या."

अंथरलेल्या रजईची एक सुरकुती मुकाश तळव्याने दाबत राहिला.

"डॉक्टरांना मी उद्या खरं सांगणार आहे," नुरीपा म्हणाली.

"तुझी मर्जी. त्यानं मला काय फरक पडतो?"

तिला वाटलं होतं, तो रागावेल, निदान घालून पाडून बोलेल. त्याने तेही केलं नाही. तिने पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "रोज." दुसऱ्यालाही रोज. झोपेच्या प्रश्नाला तो बायकोबद्दल बोलू लागला. नुरीपाने पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिली. चहा निवून गेला.

आठवा प्रश्न संपला. नववा तिच्या ओठांवर आला आणि अडकला. तिने कागदाची घडी घातली.

मुकाश उठला, किटली उचलून चुलीकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"तोही विचार," तो म्हणाला.