पांढऱ्या पट्टीखालचं भोक

मी एक जुनी टेनिसची जाळी आहे. हसू नका, मित्रांनो. आज माझ्या अंगावर वाटाण्याचे वेल चढले आहेत आणि चिमण्या माझ्या आरपार ये-जा करतात, हे मलाही दिसतं. पण एके काळी माझ्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र विजारी घातलेली माणसं धावायची, आणि चेंडू मला नुसता चाटून गेला तरी सगळं मैदान श्वास रोखून धरायचं.

माझा जन्म इंग्लंडमधल्या ब्रिडपोर्ट गावचा. तिथे घरोघरी बायका दारात बसून जाळ्या विणतात. त्यातल्या बहुतेक जाळ्या मासे धरायला समुद्रावर जातात. मला विणलं कीझाया येओ या बाईनं. हात असा झरझर चालायचा तिचा की बघणाराच दमायचा. शेजारी बसून तिचा मुलगा क्लेमंट लाकडी सुईवर सुतळी गुंडाळून द्यायचा. "घट्ट गुंडाळ की रे! जेवला नाहीस का?" असं ती त्याच्यावर ओरडायची.

मी काही समुद्रावर गेले नाही. शेजारच्या सीवेल गावच्या टेनिस क्लबानं मला नेलं, हिरवळीवर दोन खांबांमध्ये ताणलं, वरच्या कडेला पांढरी पट्टी शिवली आणि मी एकदम मडमीण झाले. काय कौतुक होतं तेव्हा! खेळ संपला की मला उन्हात वाळवायचे आणि मग हलक्या हातानं गुंडाळून ठेवायचे. पुढे कॅप्टन पर्चेस क्लबाचे चिटणीस झाले आणि माझे ग्रह फिरले. मला ओलीच गोळा करून अडगळीत कोंबू लागले. एका हिवाळ्यात उंदरांनी पट्टीच्या अगदी खाली माझे दोरे कुरतडले. माळ्यानं ते भोक दाखवलं, तर कॅप्टन म्हणाले, "एवढंसं तर आहे. पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही, आणि भोक मात्र वाढत गेलं.

तोवर क्लेमंट मोठा झाला होता. सुतळीच्या गिरणीत कारकून झाला आणि टेनिस फार सुरेख खेळू लागला. जाळीवालीचा पोर आपल्या क्लबात कसा, म्हणून काही जणांनी नाकं मुरडली. क्लबातल्याच डॉक्टर हेडली टोझरनं त्यांना ठणकावलं, "मला खेळायला जोडीदार हवाय, जावई नकोय!" तेव्हापासून त्या दोघांची जोडी जमली ती जमलीच. दर उन्हाळ्यात पुरुष दुहेरीच्या स्पर्धेत ते शेवटच्या सामन्यापर्यंत पोचायचे आणि हरायचे. विजेत्यांचा चांदीचा पेला दरवेळी दुसऱ्याच गावाला जायचा.

एकोणीसशे आठ सालच्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले, आणि त्यांचा एकत्र असा तो शेवटचाच सामना होता. सामना शनिवारी, आणि सोमवारी क्लेमंट कॅनडाच्या बोटीवर चढणार होता. कायमचा. कीझाया त्याला म्हणाली होती, "एकदा तो पेला माझ्या चुलीवरच्या फळीवर ठेव, मग खुशाल जा." त्या दिवशी ती ठेवणीतली टोपी घालून पहिल्यांदाच क्लबात आली आणि कडेच्या दोरीपाशी उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. सगळं लक्ष पोराकडे.

समोर लंडनचे फेनिमोर बंधू होते. खेळ असा रंगला की विचारू नका. शेवटी आमच्या जोडीला जिंकायला एकच गुण उरला. क्लेमंटनं जिवाच्या आकांतानं चेंडू मारला. मित्रांनो, तो चेंडू सरळ त्या भोकात शिरला आणि पलीकडच्या गवतावर जाऊन पडला. मी काय करणार? जिथं अडवायचं, तिथं मी नव्हतेच.

पंच म्हणून उंच खुर्चीवर कॅप्टन पर्चेसच बसले होते. पट्टी हललेली दिसली, त्यावरून चेंडू तिला घासून वरून गेला असं त्यांना वाटलं. त्यांनी जाहीर करून टाकलं, "सामना टोझर आणि येओ यांचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कीझायानं टोपी काढून हवेत नाचवली. हेडली माझ्या अगदी जवळ उभा होता. त्यानं भोकाकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. क्लेमंट मात्र जागचा हलला नाही. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, मग माझ्यापाशी आला.

"कॅप्टनसाहेब, चेंडू जाळीतून गेला."

"वरून गेला! मी काय इथं झोपा काढतोय?"

क्लेमंटनं भोकातून कोपरापर्यंत हात घातला आणि पलीकडे बोटं हलवून दाखवली. "मग हे काय आहे?"

हशा पिकला. कॅप्टनचे कान लाल झाले. थोरला फेनिमोर म्हणाला, "राहू द्या हो. आम्ही कुठं तक्रार केलीय?"

"मी करतोय ना," क्लेमंट म्हणाला.

गुण फेनिमोर बंधूंना गेला. भोकावर कॅप्टनचा रुमाल बांधून खेळ पुढे सुरू झाला. सामना लांबत गेला आणि पेला लंडनला गेला. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, त्या उंदरांनी मला सबंधच खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

सामन्यानंतर दोघं माझ्या पट्टीवर हात टेकून उभे राहिले.

"तू पाहिलं होतंस," क्लेमंट म्हणाला.

"पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू परवा चाललास. म्हटलं, एकदा तरी घेऊन जाशील." हेडलीनं पट्टीवर एक थाप मारली. मग म्हणाला, "पण तुला मेल्या कसली घाई? पेल्यातून एक घोट तरी घेऊ द्यायचास!"

तेवढ्यात कीझाया तरातरा मैदानात आली. कॅप्टनला म्हणाली, "ही माझ्या हातची जाळी आहे. तुम्हाला खेळायला दिली होती, उंदरांना जेवायला नाही!" कॅप्टननं मान खाली घातली. मग ती लेकाकडे वळली. "बरं झालं पेला नाही आला. रोज घासत कोण बसणार होतं? चल, सुतळी गुंडाळ."

तिच्या खिशात लाकडी सुई असायचीच. माळ्यानं सुतळी आणून दिली. हेडलीनं मला ताणून धरलं, क्लेमंटनं सुई भरून दिली आणि ती गाठी मारू लागली. या खेपेला ती त्याला ओरडली नाही. "घट्ट गुंडाळलीस हो," एवढंच म्हणाली आणि बाहीनं डोळे पुसले.

क्लेमंट पुन्हा कधी आला नाही. तिकडंच त्याचा संसार झाला. कीझायाचे हात चालत होते तोवर ती दर वसंतात मला तपासायला यायची, त्या जागेवर जरा जास्तच वेळ बोटं फिरवायची, आणि सुतळी गुंडाळताना पोराला काय म्हणून ओरडायची ते हेडलीला सांगायची. हेडलीनं दुसरा जोडीदार केलाच नाही. क्लबानं नवी जाळी आणली तेव्हा तो मला आपल्या परसात घेऊन आला. आता तो म्हातारा झाला आहे. वाटाणे तोडता तोडता त्याची बोटं त्या जागेपाशी थांबतात आणि तो पुटपुटतो, "काय रे, जेवला नाहीस का?"

मित्रांनो, भोक लहान असतं तेव्हाच दोन गाठी मारा. पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि कुणी भोक दाखवून दिलं, तर त्याच्यावर रागावू नका. माझं बाकी सगळं अंग आता विरलं आहे. तेवढा तुकडा मात्र अजून घट्ट आहे.