भांडण मिटवायला मला कापलं

मी एक जुना सी-सॉ आहे, असं सांगायची सोय आता उरली नाही. मी सी-सॉचे दोन तुकडे आहे. मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे. तो तुमच्यावर नाही, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांवर आहे.

अमळनेरच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीतला मी लांबलचक लोखंडी पाइप. हारुनभाई वेल्डरने मला भंगारातून उचललं, गंज घासून काढला, दोन्ही टोकांना बैठका जोडल्या, निळा रंग दिला आणि दोन गल्ल्यांच्या मधल्या मैदानात बसवलं. नारळ फोडला बन्सीलाल नानांनी. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मैदानाच्या समितीचे अध्यक्ष.

माझ्यावर एकट्याला खेळता येत नसे. समोर कुणाला तरी बसवावंच लागे, मग कालपासून कट्टी असलेला का असेना. जाडा ललित आणि काडीसारखी रूही पहिल्यांदा समोरासमोर चढले तेव्हा नुसतेच अडून बसले होते. तो खाली, ती वर, कुणीच हलेना. मग ललित आपणहून पुढे सरकला आणि दोघं वरखाली होऊ लागले. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उतरण्याआधी समोरच्याला सांगायचं, हा नियमही पोरांनीच केला. दहा वर्षं पोरं माझ्यावर भांडली, रुसली आणि अंधार पडायच्या आत गळ्यात गळे घालून घरी गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रशीलने तो नियम मोडला. समोर वरच्या टोकाला हुमा होती, हारुनभाईची मुलगी. पाळीवरून बाचाबाची झाली आणि याने न सांगता उडी मारली. हुमा दाणकन खाली आली, ओठ फुटला. चूक मोठीच होती, मी ती झाकणार नाही. पण पोरांनी काय केलं ते ऐका. त्यांनी मैदानाच्या कडेच्या निंबाखाली बसून ठरवलं की प्रशीलला चार दिवस पाळी नाही, आणि लहान पोरं चढताना माझं टोक त्याने धरून ठेवायचं. त्याने मान खाली घालून धरलं. तिसऱ्याच दिवशी सुजलेला ओठ घेऊन हुमा आली आणि माझ्यावर बसली.

"बस समोर," ती म्हणाली. "पण परत असं केलं ना, तर मी तुझ्याशी कधीच खेळणार नाही."

प्रशील बसला. त्या दिवशी तो इतका जपून पाय टेकवत होता की मलाच हसू येत होतं.

मोठ्यांचं मात्र तेव्हा कुठे पेटत होतं. कुणीतरी फुटलेल्या ओठाचा फोटो मोबाइलच्या ग्रुपवर टाकला. प्रशीलची आई दीपमाला म्हणाली, पोरीनेच आधी चिडवलं असेल. त्यावर कुणी म्हणालं, त्या गल्लीची पोरं तसलीच. राईचा पर्वत झाला, दोन गल्ल्यांची बोलचाल बंद पडली. शेवटी नानांनी मैदानातच बैठक बोलावली. शेजारी हुमा आणि प्रशील माझ्यावर झुलत होते. तिकडे एकानेही पाहिलं नाही.

नानांनी निकाल दिला. पोरं जोडीने खेळतात म्हणून भांडतात. तेव्हा सी-सॉ मधून कापायचा, दोन्ही तुकड्यांखाली गाडीची जुनी स्प्रिंग बसवायची आणि ज्याने त्याने आपापलं झुलायचं. जखम मांडीला, मलम शेंडीला!

हारुनभाई हळूच म्हणाला, "नाना, पोरांचं तं मिटेल शे."

"आज मिटलं. उद्या परत झालं तर तू जबाबदार का?" नानांनी विचारलं.

हारुनभाई दुसऱ्या दिवशी कटर घेऊन आला. माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावरच आहे. नानांना कळत नव्हतं, त्याला कळत होतं.

आता पोरं येतात, दोन मिनिटं एकेकटी उडतात आणि कंटाळून निघून जातात. मागच्या आठवड्यात ललित आणि प्रशीलचं चेंडूवरून वाजलं. निंबाखाली कुणी बसलं नाही. दोघेही रडत घरी पळाले आणि दोन्हीकडून बाप धावून आले. वर नाना म्हणतात, हल्लीच्या पोरांना मिळून राहताच येत नाही. मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. नाना, मिळून राहायला ती शिकत होती तेव्हा कटर कुणी मागवला?

काल हारुनभाई हुमाला घेऊन आला. खेळायला कुणी नव्हतं, म्हणून तिचं मन राखायला तो समोरच्या तुकड्यावर बसला. हुमाने दोन-तीनदा अंग हलवून पाहिलं आणि थांबली.

"अब्बा, तुम्ही बसले तरी मी वर जात नाही."

हारुनभाई उतरला. कापलेल्या जागेवर त्याने बोट फिरवलं आणि तिला घेऊन घरी गेला.

मित्रांनो, तुमच्या भांडणात मोठी माणसं पडू लागली तर त्यांना सांगा, आमचं आम्हाला मिटवू द्या. आणि हारुनभाई, मशीन तुझ्या दुकानात आहे, लोखंड इथेच आहे. नानांना विचारत बसू नको. जोड मला.