लोर्नाच्या वजनाची गाडी

मी डोंगरातल्या बर्फावर धावणारी गाडी. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा आणि अंगात भरपूर खोड्या. कागदोपत्री स्नोमोबाइल, मोंटानातल्या आमच्या गावात नुसती स्लेड.

माझा पहिला मालक व्हर्न ट्वेट, एकशेदहा किलोचा लाकूडतोड्या. त्याने माझ्या स्प्रिंगा स्वतःच्या वजनाला बेतून घेतल्या, हँडल छातीपर्यंत चढवलं. सहा हिवाळे आम्ही मजेत हिंडलो. मग त्याने नवी गाडी आणली आणि मला बायकोकडे सरकवलं.

लोर्ना शाळेची बस चालवते. वजन जेमतेम पंचावन्न किलो. ती बसली तरी माझ्या स्प्रिंगांना पत्ताच लागायचा नाही. ती वळवायची, मी सरळ जायचे. उतार आडवा कापायचा म्हटलं की मी खाली तोंड करायचे. खरं सांगू? त्यात थोडी खोडीही होती. तिला बर्फात लोळताना बघायला मजा यायची.

व्हर्नलाही यायची. "हट्टी आहे गं ती, तुझ्या हाती नाही यायची," तो म्हणाला आणि पेट्रोल पंपावर मला विकायची चिठ्ठी लावून आला. लोर्नाने शांतपणे विचारलं, मी हिला वरच्या खिंडीत नेलं तर? तो हसला. "तर चिठ्ठी मी स्वतः फाडतो."

दुसऱ्या दिवसापासून ती गॅरेजात. जुन्या स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. हँडल चार बोटं खाली आणलं. पुढचे दांडे बदलून दोन्ही स्की जवळजवळ घेतल्या, म्हणजे मला एका अंगावर कलवायला जोर लागू नये. उंचावरच्या विरळ हवेत माझा दम जातो, म्हणून क्लचमधली वजनंही हलकी केली. व्हर्न कॉफीचा मग घेऊन दारात यायचा, "शिवणकाम झालं का?" म्हणून चिडवायचा. ती न बघता पाना मागायची. तो मुकाट्याने द्यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोघं निघाले. व्हर्न पुढे. झाडी संपते तिथला वरचा उतार आडवा कापताना त्याची नवी कोरी गाडी घसरत खाली गेली आणि एका फरच्या झाडाच्या बुंध्याशी रुतली. कमरेइतक्या बर्फातून त्याने हात हलवला, लागलं नाही म्हणून.

आता आमची पाळी. जुन्या सवयीने मी तोंड खाली करणार, तोच लोर्नाने चढाकडच्या पायावर भार टाकला आणि मी अलगद वरच्या अंगाला कलले. आरडाओरडा नाही, ओढाताण नाही. खोडी करायची राहूनच गेली. थांबलो ते थेट खिंडीत.

मग खाली येऊन तिने फावडं काढलं. तासभर खणल्यावर व्हर्न बर्फाकडे बघत पुटपुटला, "लोर्ना, माझ्याही गाडीचं जरा बघशील?"

"बघेन. पण आधी वजन किती झालंय ते खरं सांग. स्प्रिंगा त्यावर ठरतात."

चिठ्ठी त्याच दिवशी गेली. वाऱ्याने उडाली, असं तो पंपावर सांगतो.

सध्या ती नवी गाडी माझ्या शेजारी सगळं अंग उघडं टाकून उभी आहे. लोर्नाला त्रास देऊ नकोस, असं मी तिला बजावलंय. व्हर्नचं काय करायचं ते मात्र तिचं तिने ठरवावं. आठवड्यातून एकदा त्याला लोळवलं, तर मी चुगली करणार नाही. तुम्हीही करू नका.